चार बोटांची फट

मुलगी चार महिन्यांची होईतोवर माझी आणि सासूबाईंची दोनदा कडाक्याची भांडणं झाली होती, आणि दोन्ही वेळा विषय एकच होता: तिनं झोपायचं कशात.

पहिलं भांडण झोळीवरून. ती दोन महिन्यांची असताना सासूबाई नामपूरहून आमच्याकडे नाशिकला पंधरा दिवस राहायला आल्या. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून स्वतःचं जुनं, धुऊन मऊ झालेलं लुगडं काढलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "छताला एक कडी ठोक." मी म्हटलं, कडी ठोकायची नाही. झोळीत बाळाची मान दुमडते, हनुवटी छातीला टेकते, श्वास अडकू शकतो. बाळाच्या डॉक्टरांनी सपाट, कडक गादीवर उताणं झोपवायला सांगितलंय.

"त्या डॉक्टरणीचं लग्न तरी झालंय का?" सासूबाईंनी विचारलं.

झालं नव्हतं. मी ते सांगितलं नाही.

"माझी चार लेकरं झोळीत वाढली," त्या म्हणाल्या. "त्यातलंच एक तू नवरा करून घेतलंस."

दुसरं भांडण उशीवरून. डोकं गोल व्हावं म्हणून त्यांनी मोहरी भरलेली छोटी उशी स्वतःच्या हातानं शिवून आणली होती. मी ती काढायची, त्या परत ठेवायच्या. शेवटी मी उशी कपाटात टाकून कुलूप लावलं. दुसऱ्याच दिवशी त्या नामपूरला निघाल्या, आणि निघताना उशी मागून घेतली. त्यांना बसमध्ये बसवून आल्यावर नवरा मला म्हणाला, "आईला वाईट वाटलं." माझ्या नवऱ्याला लग्नानंतर एवढं एकच वाक्य येतं, असं मला त्या काळात वाटायचं.

मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. समोर आलेला सुटा भाग मोजायचा, हलवून बघायचा आणि बसत नसेल तर नापास करायचा, हे माझं रोजचं काम. बाळंतपणाच्या रजेवर असले तरी ती नजर काही रजेवर गेली नव्हती. घरातली माणसंही मला त्या दिवसांत एकेक करून नापास करावीशी वाटायची.

आणि मग एका दुपारी मीच नापास झाले.

ती साडेतीन महिन्यांची होती. मी पलंगावर आडवी पडून तिला पाजत होते. आदल्या तीन रात्रींत सलग दोन तास झोप मिळाली नव्हती. दूध पिता पिता ती कधी झोपली आणि मी कधी झोपले, कळलं नाही. जाग आली तेव्हा माझा हात रिकामा होता. ती माझ्या उशीच्या खाली घसरली होती आणि माझी दुलई तिच्या तोंडावर होती. मी दुलई ओढली. तिचा चेहरा लालबुंद, केस घामानं चिकटलेले. मी तिला उचललं तशी ती जोरात रडली. त्या रडण्यासारखं सुंदर मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही. पण तेव्हा तसं काही वाटलं नाही. तेव्हा मी फरशीवर बसले आणि माझे दात एकमेकांवर वाजत राहिले.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. संध्याकाळी तो आला, त्यानं विचारलं, "काय म्हणतेय बाई आमची?" मी म्हटलं, "काही नाही." त्या दिवसापासून ती माझ्या अंथरुणात झोपणार नाही, कुणाच्याच अंथरुणात झोपणार नाही, हे मी ठरवलं. दुसरी सोय होईतोवर तिला स्वतंत्र जागा म्हणून मी फरशीवर पातळ, कडक गादी टाकली आणि स्वतः तिच्याशेजारी चटईवर झोपू लागले. नवरा म्हणाला, "हे काय नवीन?" मी दिवा मालवला.

त्याच आठवड्यात नामपूरहून फोन आला. थोरल्या दिरांचं नवं घर बांधून झालं होतं, वास्तुशांत ठरली होती, आम्ही तीन दिवस राहायला यायचं होतं. फोन ठेवता ठेवता सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "पोरीला माझ्याजवळ झोपवीन. तिच्या आईला म्हणावं, आराम कर."

दुसऱ्या दिवशी मुलीला पाजून शेजारच्या काकूंच्या मांडीवर दिली आणि नवऱ्याला घेऊन मी पाळणा शोधायला बाहेर पडले. प्रवासात घडी करून नेता येईल आणि पलंगाला खेटून लावता येईल असा. रात्री हात लांबवला की ती हाताला लागली पाहिजे, पण माझी दुलई तिच्यापर्यंत पोहोचता कामा नये.

कॉलेज रोडच्या एका मोठ्या दुकानात सात पाळणे मांडलेले होते. तिथल्या तरुण विक्रेत्यानं पहिल्याच पाळण्याकडे हात केला. आतून चारी बाजूंनी गुबगुबीत लोड, वर लटकणारी खेळणी, जाड गादी.

"मॅडम, ढगावर झोपल्यासारखं वाटेल बाळाला."

मी गादीवर तळहात दाबून उचलला. पंजा उमटून राहिला. "ती पालथी झाली तर तिचं तोंडही असंच रुतेल," मी म्हटलं. "पुढचा."

पुढच्याला झोके देता येत होते, पण झोका थांबवायची खिट्टी नव्हती. तिसऱ्याच्या बाजूला जाळी होती. मी वाकून जाळीला नाक-तोंड घट्ट लावलं आणि श्वास घेऊन बघितला. जाळी दिसायला जाळी होती, आतून प्लास्टिकचं अस्तर होतं. हवा येत नव्हती. शेजारी एक कुटुंब कपडे बघत होतं, त्यांच्यातली म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. नवरा दोन पावलं मागे सरकला, जणू तो माझ्याबरोबर आलाच नव्हता.

चौथ्याच्या कडेवर मी कोपर टेकून भार दिला. घडीचा सांधा खट्कन सुटला आणि पाळणा एका बाजूला बसला.

"मॅडम, असं कोणी बाळावर रेलतं का?" विक्रेता वैतागला.

"रेलतं. झोपेत उठलेलं माणूस रेलतं."

"आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही."

"त्यांनी बघितलं नसेल."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "तू त्या पोराशी असं का बोललीस? त्याचा काय दोष?" मी म्हटलं, "तुला सगळ्यांचं वाईट वाटतं. माझं कधी वाटणार?" भर रस्त्यात आम्ही भांडलो. तो गाडी घेऊन कामावर गेला आणि मी रिक्षा करून शालिमारला.

शालिमारजवळच्या बोळातलं दुकान अरुंद होतं. गल्ल्यावर एक साठीची बाई बसलेली, समोर चहाचा कप. मी काय हवं ते सांगितलं. तिनं दुकानातल्या पोऱ्याला माळ्यावरून एक लांबट पिशवी काढायला लावली आणि माझ्यासमोर टाकली.

"उघडा तुम्हीच. प्रवासात तुम्हालाच उघडायचाय, मला नाही."

मी उघडला. पहिल्यांदा जमला नाही. ती मदतीला आली नाही, चहा प्यायली. दुसऱ्या वेळी चारही पाय खाडकन बसले. मी रेलले, हलवला, लाथ मारून बघितली. सांधे सुटले नाहीत. गादी पातळ आणि कडक, कडेला कुठे करंगळी जाईल एवढीही जागा नाही. जाळी खरी जाळी. एक बाजू चेन उघडून खाली करता येत होती, म्हणजे पलंगाला लावता येईल, आणि पलंगाखालून नेऊन आवळायचे दोन रुंद पट्टे.

"उशी-बिशी काही देत नाही मी याच्यासोबत," ती म्हणाली. "मागू नका. आणि पोरगी हातापायांवर उठायला लागली की हा बंद. तेव्हा आणून परत देऊ नका."

मला ती बाई आवडली. बहुतेक त्या महिन्यात मला आवडलेली ती एकमेव व्यक्ती होती.

"पलंग कसला आहे?" तिनं विचारलं.

"ते माझं मी बघेन," मी म्हटलं. सगळं मी तपासलं होतं. आता मला कुणी शिकवायला नको होतं.

घरी आणून लावला. आमच्या पलंगाला पाय आहेत, पाळण्याचे पाय त्याखाली अलगद सरकले, पट्टे आवळले, दोन्ही गाद्या एका पातळीत आल्या. मध्ये पोस्टकार्डही गेलं नसतं. त्या रात्री मी महिन्याभरात पहिल्यांदा शांत झोपले.

नामपूरला आम्ही पिंपळगाव, देवळा, सटाणा करत दुपारी पोहोचलो. वाटेत कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे दीड तास गेला, ती गाडीत रडून रडून दमली. नव्या घराला रंगाचा वास होता. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला माझ्या हातून घेतलं आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

आमची खोली जाऊबाईंनी दाखवली. मी पाळण्याची पिशवी उघडली, चारही पाय बसवले आणि पलंगाकडे ढकलला. पाय प्लायवुडवर आपटले.

पलंग पेटीचा होता. खाली जागाच नाही. पार फरशीपर्यंत फळ्या आणि ड्रॉवर. पाळण्याचे पाय आत जाईनात, पट्टे कशालाच गुंडाळता येईनात. पाळणा आणि पलंग यांच्यात चार बोटांची फट राहिली.

मी कारखान्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी अख्खी पेटी परत पाठवते. आणि मला त्या दुकानातल्या बाईनं सरळ विचारलं होतं.

तोवर दारात पाचसहा बायका जमल्या होत्या. नाशिकच्या सुनेनं आणलेला पाळणा बघायला. जाऊबाई म्हणाल्या, "छान दिसतोय हो." सगळ्यांच्या देखत ती उघडी बाजू पुन्हा वर घेऊन चेन लावायची, पाळणा लांब सरकवायचा आणि इथे बसत नाही म्हणायचं, एवढं माझ्याच्यानं झालं नाही. मी एक टॉवेल गुंडाळला आणि फटीत कोंबला. चूक आहे हे मला पक्कं माहीत होतं. तरी कोंबला.

सासूबाई मुलीला खांद्यावर घेऊन पुढे आल्या. त्यांनी पाळण्याकडे बघितलं, मग वाकून टॉवेल ओढून काढला आणि फटीत हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला.

"हाई काय शे माय?" त्या एकदम अहिराणीवर उतरल्या. "पोर यातून खाली गेली तर?"

कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या.

"माझ्या झोळीला फट नव्हती," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं, आणि त्यांचं बरोबर असणं मला त्या क्षणी अजिबात सहन होत नव्हतं. मी चौथी बाजू वर घेतली, चेन लावली, पाळणा पलंगापासून लांब, समोरच्या भिंतीशी नेला. आता तो चारी बाजूंनी बंद होता आणि त्यात काही धोका नव्हता. फक्त रात्री ती माझ्या हाताला लागणार नव्हती.

"मग एवढा पलंगाजवळचा पाळणा कशाला आणला?" सासूबाईंनी विचारलं.

"तिला तुमच्या अंथरुणात झोपवायची नाही म्हणून," मी म्हटलं.

हसणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वास्तुशांतीची पूजा सुरू झाली. दीर आणि जाऊबाई पाटावर बसलेले, हॉलमध्ये होमाचा धूर. मी दहाच्या सुमाराला मुलीला पाजलं, उताणी पाळण्यात ठेवली, खोलीचं दार ओढून घेतलं आणि आंघोळीला गेले. ओल्या केसांनी परत आले तर सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. पाळण्यात मुलीच्या डोक्याखाली ती मोहरीची उशी होती. अंगावर गळ्यापर्यंत गोधडी. तिची मान एका बाजूला कललेली आणि नाक उशीच्या कडेला लागलेलं.

मी उशी उपसून फेकली. ती दाराच्या चौकटीवर आपटली, शिवण उसवली आणि मोहरी नव्या फरशीवर खोलीभर पसरली.

"माझ्या हातची वस्तू फेकतेस?" सासूबाई उठल्या.

"तुम्हाला किती वेळा सांगितलं!"

"उशीनं काय पोर मरतंय?"

"मरतं!" माझा आवाज बाहेर होमापर्यंत गेला असणार, कारण मंत्र थांबल्याचं मला आठवतं. "मरतं. मागे एका दुपारी मी पाजता पाजता झोपले तेव्हा ही माझ्या उशीखाली गेली होती. तोंडावर दुलई होती. आणखी थोडा वेळ झाला असता तर गेली असती. मी स्वतः बघितलंय. म्हणून नको म्हणते!"

खोलीत नुसता धुराचा वास. दारात नवरा येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

सासूबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा.

"म्हणजे तू झोपलीस," त्या सावकाश म्हणाल्या. "आणि दोष माझ्या उशीला."

मी म्हटलं, "हो, मी झोपले. माझं चुकलं. तरी उशी नाही."

नवरा खाली बसला आणि फरशीवरची मोहरी ओंजळीत गोळा करू लागला. मला वाटलं, आता ते वाक्य येणार. तो मान वर न करता म्हणाला, "आई, उशी नको."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पदर सावरून त्याच्या बाजूनं बाहेर गेल्या. मोहरीवर त्यांचा पाय पडला तेव्हा कर्रकन आवाज झाला.

जेवणाच्या पंगती बसेपर्यंत सगळ्या घराला कळलं होतं. नवऱ्याची एक मावशी माझ्या पानात जिलेबी वाढता वाढता म्हणाली, "पोरीच्या अंगावर झोपली होतीस म्हणे?" मी जिलेबी खाल्ली. मुलगी माझ्या मांडीवर होती. मी ठरवलं होतं की या घरात कुणासमोरही रडायचं नाही, आणि रडले नाही. तीन दिवस राहायला आलेले आम्ही, त्याच दिवशी चार वाजता निघालो. सासूबाई दारापर्यंत आल्या नाहीत.

आम्ही देवळ्याला आलो. तेव्हा नवरा म्हणाला, "मला का सांगितलं नाहीस?"

"तू आईला सांगितलं असतंस."

त्यानं नाही म्हटलं नाही. पिंपळगावच्या अलीकडे त्यानं गाडी कडेला घेतली, उतरून मागचं दार उघडलं आणि झोपलेल्या मुलीच्या छातीवर हात ठेवून उभा राहिला. ट्रक धडधडत जात होते. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं नाही. मला राग आला होता, की ही भीती मी इतके दिवस एकटीनं सांभाळली आणि याला ती आज कळली. पण तो तिथून हलेना, तेव्हा मीही उतरले.

पाळणा त्यानंतर जेमतेम दीड महिना वापरला. ती हातापायांवर उठू लागली आणि मी तो घडी करून माळ्यावर टाकला.

सासूबाई माझ्याशी सात महिने बोलल्या नाहीत. फोन आला की "त्याला दे" एवढंच. मग त्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचं ठरलं. दवाखाना नाशिकचा, म्हणून त्या पंधरा दिवस आमच्याकडे आल्या. ऑपरेशननंतर दिवसातून चार वेळा डोळ्यात औषध टाकायचं होतं. पहिल्या दिवशी नवऱ्यानं टाकलं. बाटलीचं टोक त्यांच्या पापणीला लागलं, त्या ओरडल्या आणि त्याला खोलीतून हाकलून दिलं.

दुपारी मी स्वयंपाकघरात होते. त्या हॉलमधून म्हणाल्या, "कुणी आहे का घरात?"

मी हात धुऊन, पुसून गेले. बाटली उचलली. त्या उशी पाठीमागे टाकून खुर्चीत बसल्या होत्या, मान वर करून. आमच्यात गेल्या सात महिन्यांतलं पहिलं बोलणं तेव्हा झालं.

"हात हलतो का तुझा?"

"नाही."

"मग टाक."

मी खालची पापणी बोटानं ओढली. त्यांनी डोळा मिटला नाही. थेंब पडल्यावर त्यांनी डोळा अलगद मिटून घेतला आणि पाच मिनिटं तशाच बसून राहिल्या. मी घड्याळ बघत शेजारी उभी राहिले. पाच मिनिटं झाल्यावर मी म्हटलं, "झालं," आणि त्यांनी पुढची वेळ विचारली.

"सहा वाजता," मी सांगितलं.

"उशीर करू नकोस," त्या म्हणाल्या.